दुसऱ्या सीझनमधलं रडणं

इअरफोनच्या डाव्या बोंडाला हळद लागली होती. नखाने खरवडली, तरी जाळीच्या बारीक भोकांत ती तशीच बसून राहिली – पिवळी, हट्टी, या दिवसांत घरात सगळीकडे असते तशी – मग निलमने बोंड ओढणीला पुसलं, ओढणी पिवळी झाली, बोंड होतं तसंच राहिलं, आणि हाही राग तिने मालिकेच्या खात्यावर टाकून दिला. त्या खात्यावर सकाळपासून बरंच चढलं होतं.

स्लॅबवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ती बसली होती, कारण तांड्यात रेंज म्हणून जी काही येते ती या टाकीपाशीच येते. मांडीवर फोन, फोनवर सहावा भाग थांबवलेला. पडद्यावर सोनकी – ग्रहाग्रहांवर मीठ पोचवणाऱ्या काफिल्याची म्होरकी – तोंडावर पांढरा उजेड घेऊन उभी होती, देव्हाऱ्यात मांडल्यासारखी. खाली अंगणात याडी, तिची आई, शिजवलेली हळद दाताळ्याने उलथत होती, खर्र… खर्र… आणि निलमला त्या आवाजाचाही राग येत होता, पण तो कुठे मांडावा ते ठरत नव्हतं.

परीक्षण संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचायला हवं होतं. प्रियदर्शनीचा, म्हणजे संकेतस्थळाच्या संपादकबाईंचा, निरोप सकाळीच येऊन पडला होता, त्यांच्या त्या चहा पीत बोलल्यासारख्या आवाजात: "निलम, काय सहावा भाग आहे गं! मी तर ढसाढसा रडले. ते गाणं तुमच्या लोकांचं आहे ना? मग आतून लिही. आणि राग आला असेल तर रागाने लिही हं, राग छान वाचला जातो." …म्हणजे मला राग यायच्या आधीच पुण्यात त्याची जागा आखून झाली होती, वरच्या बाजूला, फोटोसकट. प्रियदर्शनी वाईट बाई नव्हे. माणसाचा पत्ता कळला की त्याचं मतही कळलं असं तिला प्रामाणिकपणे वाटतं, इतकंच. गेल्या महिन्यात निलमने बर्फाळ प्रदेशातल्या खुनांच्या मालिकेवर लिहिलं तेव्हा आतून लिही असं कुणी म्हणालं नव्हतं.

आणि ही मालिका तर तिचीच होती – म्हणजे तिने लिहून लिहून वाढवलेली. 'ध्रुवपार'च्या पोटातून निघालेली 'लदनी' – नाव बंजाऱ्यांच्या बैलांवरच्या जुन्या मालवाहतुकीचं. 'ध्रुवपार' म्हणजे गणवेश, सलाम आणि खिडकीतून अंतराळाकडे बघत देशाविषयी बोलणारे अधिकारी. त्यात एका तळावर मीठ उतरवायला आलेली एक बाई दोन मिनिटं दिसली होती, तोलावरून भांडली होती, जाता जाता अधिकाऱ्याचं पेन घेऊन गेली होती. लोकांना नेमकी तीच आवडली. मग तिला नाव दिलं, काफिला दिला, वेगळी मालिका दिली. पहिल्या सीझनमध्ये सोनकी मिठात खडे मिसळायची, भाच्याला सगळ्यांदेखत थोबाडीत मारायची, आणि अख्खा काफिला एका उल्कावर्षावातून जात असताना लोणच्याची बरणी कुणी संपवली यावरून भांडत होता. निलमने तेव्हा लिहिलं होतं, ही माणसं खोटं बोलतात म्हणून खरी वाटतात. त्या वाक्यावर तिला लोक ओळखू लागले. त्याच वाक्यावर प्रियदर्शनीने तिला ठेवून घेतलं.

आणि आता हा दुसरा सीझन… आता सगळे पवित्र झाले होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, कुणी कुणाला फसवत नव्हतं, सबंध सीझनमध्ये एकाही माणसाने जेवायला मागितलं नव्हतं. ज्या बाईने पेन चोरलं होतं ती आता डोळे मिटून म्हणत होती, "हम बोझ नहीं, स्मृति ढोते हैं." अगं, मीठ वाहतेस ना तू? मग मीठ वाहा की. कुणीतरी कुठल्यातरी थंड खोलीत बसून ठरवलं असणार की या लोकांचा आदर करायचा. आणि आदर करायचा ठरला की पहिली गोष्ट होते ती ही, की माणसाची भूक काढून घेतात, मग लबाडी, मग हसू, आणि उरलेल्याला मागून उजेड देतात. निलमने हे असंच टिपलं होतं. चांगलं होतं. पण परीक्षणाचं पहिलं वाक्य ते नव्हतं. पहिलं वाक्य पहाटेपासून तयार होतं आणि ते इतकं आवडलं होतं की त्याच्याकडे परत बघायची भीती वाटत होती: त्यांनी आमचं रडणं नेलं.

तिने बोट लावलं. चित्र हललं.

ग्रह मरतो आहे. काफिला निघतो आहे. आणि सगळं शांत झाल्यावर, यानाच्या भिंतीतून आल्यासारखा, म्हाताऱ्या बाईचा आवाज – लांबवलेला, खाली उतरवलेला, भोवती घुमारा सोडलेला – आणि पडद्याखाली अक्षरं: 'हे ताऱ्यांच्या माते, आमची लेकरं तुझ्या ओटीत घे.' दुसऱ्या ओळीआधी श्वास, आणि श्वासाआधी जीभ टाळ्याला लागून होणारा छोटा टक्क आवाज. कितीही घुमारा सोडला तरी तो टक्क त्यांना काढता आला नव्हता. तो आवाज निलम पोटात असल्यापासून ऐकत आली होती. शेवटी नावांच्या यादीत होतं, पारंपरिक विलापगीत, बंजारा स्त्रिया.

बंजारा स्त्रिया. म्हणजे रूपाबाई, निलमची याडी. म्हणजे शेजारची शकुंतलाबाई आणि आणखी दोघीतिघी.

मालिकेचे लोक गाणं घ्यायला आले होते गेल्या उन्हाळ्यात, तेव्हा निलम इथे नव्हती, नांदेडला होती, नवऱ्याच्या, दिपकच्या घरात, म्हणजे आपल्या घरात – त्या घराला अजून काय म्हणायचं ते नक्की होत नाही. भावाने फोटो पाठवला होता: पुसेगावच्या रस्त्यावरच्या लिंबाखाली सतरंजी, माईक, एक दाढीवाला, आणि मधोमध याडी, आजीचा आरशांचा घागरा घालून. याडी आयुष्यभर नऊवारीही नेसली नव्हती की घागराही घातला नव्हता, साधं पाचवारी पातळ. पेटीतून तो घागरा काढायला लावला असणार. निलम फोटो बघून हसली होती तेव्हा. विलाप द्यायला बसलेत हे तिला कुठे माहीत होतं.

कारण तो विलाप, ढावलो, तिला मिळाला नव्हता.

हे ती कुणाला बोलली नव्हती, दिपकला तर नाहीच. तांड्यातली पोरगी सासरी निघते तेव्हा आई सुरू करते, मग पोरगी तिच्या गळ्यात पडून तेच उचलते, मग बायका – रडणंच, पण चालीत, शब्दांत, आधी शिकवलेलं. निलमला कुणी शिकवलं नव्हतं. ती सहाव्या वर्षी हिंगोलीच्या वसतिगृहात गेली आणि सुट्टीत आली की याडी तिच्याशी मराठी बोलायची, पोरीचं मराठी बिघडू नये म्हणून, बाजारात शिकलेलं आपलं मराठी. भावाशी गोरमाटी, तिच्याशी मराठी, एकाच ताटावर. त्यामुळे गोरमाटी तिला यायची ती स्वयंपाकघरापुरती. गाण्यातली जुनी गोरमाटी तिला परकीच. पण लग्नाच्या दिवशी तिने मनाशी ठरवलं होतं, शब्द नाही आले तरी चालेल, याडीने सुरू केलं की आपण नुसता गळा द्यायचा… मंगल कार्यालयाच्या दारात गाडी उभी, बँड वाजतोय, बायका गोळा झालेल्या, सगळ्यांचं तोंड याडीकडे. याडी जवळ आली. निलमच्या खांद्यावरचा पदर नीट केला. म्हणाली, "गाडीत पाणी हाय का बघ." आणि बाजूला झाली.

पाणी होतं गाडीत. नांदेडपर्यंत ती ते पाणी पीत राहिली.

आणि तेच – तेच! – माईकसमोर, दाढीवाल्यासमोर, आजीचा घागरा घालून. लेकीला दिलं नाही ते यानाच्या भिंतीला दिलं. आता ते ऐकून पुण्यात प्रियदर्शनी रडतेय, दिल्लीत कुणी रडतंय, आणि मी, जिचं ते होतं, टाकीखाली बसून त्याचं परीक्षण करतेय, गुण देतेय, पाचपैकी…

"ओ नणंदबाई!" खालून रीताची हाक आली. "उतरा आता. भाकर गार होऊन राहिली. का वरच रॉकेट पकडता?"

रीता भावाची बायको, डोंगरकड्याकडच्या तांड्यातली, बोलायला लागली की थांबत नाही आणि हे तिलाही माहीत आहे. भाऊ रणजीत सकाळीच हिंगोलीला गेला होता, त्यामुळे घरात तिच्या जिभेला सुट्टी होती. निलम जिना उतरली. ओसरीत ताट वाढलेलं होतं, याडी अंगणातच, हळदीत.

"झालं का तुमचं परीक्षण?" रीताने पातेल्यावरचं झाकण काढलं. "माझं तर झालं. मी रात्रीच सगळी बघून काढली. सोनकी बिघडली."

"बिघडली म्हणजे?"

"आता काय, शाळेतल्या बाईवाणी बोलती. आधी कशी शिव्या देयची! आता निस्ती बघून राहती वर. मान दुखत न्हाई का तिची?"

निलमला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला, कारण तिचं दोन पानांचं म्हणणं रीताने कालवणात पळी फिरवता फिरवता संपवलं होतं.

"पण सहावा भाग," रीता म्हणाली, "लई भारी. मी तर हसून हसून—"

आणि थांबली. रीता थांबली. पळी पातेल्यात तशीच.

"हसून?" निलम म्हणाली. "ग्रह मरतोय त्यात. याडीचं ढावलो लावलंय त्यांनी."

रीताने अंगणाकडे बघितलं. अंगणात दाताळंही थांबलं होतं. दोघींमध्ये काहीतरी गेलं, गोरमाटीत, शब्द न बोलता, आणि निलमला कळलं की ते आपल्या डोक्यावरून गेलं – वसतिगृहातून सुट्टीत आलेल्या पोरीच्या डोक्यावरून जायचं तसं.

"आमाला वाटलं," रीता हळूच म्हणाली, "तुमाला कळलं असंल."

"काय कळलं असेल?"

"सासूबाई, तुमीच सांगा बाई. माझ्या अंगावर नका येऊ देऊ."

याडी आत आली नाही. दाताळ्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून तिथूनच बोलली, हळदीच्या वाफेनं लाल झालेले डोळे किलकिले करून.

"ढावलो न्हाई ते."

"मग काय आहे?"

"व्याहिणीला चिडवायचं हाय. लग्नात म्हणतेत. व्याहीण मांडवात आली, पाच पोळ्या खाल्ल्या, सहावी कांचळीत लपवली, अन् कुत्रं लागलं तिच्या मागं. ती पोळी टाकंना अन् कुत्रं तिला सोडंना. असं हाय ते."

ताऱ्यांच्या माते… तुझ्या ओटीत घे.

"पण तू रडल्यासारखं म्हटलंय."

"त्यानंच सांगितलं की. धीरे बोलो माताजी, दर्द से. मी म्हणलं, दर्द तर हाय बाबा, गुडघ्यात हाय, बराबर दोन्ही." याडीच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हललं. "शकुंतलाबाई पदर तोंडाला लावून हसून राहिली. तर तो दाढीवाला म्हणे, उनको रोने दो, कोई मत रोको. मग तर ती उठूनच गेली लिंबामागं."

रीताला आता धरवेना. ती चुलीकडे तोंड करून खांदे हलवत राहिली.

"खरं काहून नाही म्हटलंस त्यांना?"

याडीने तिच्याकडे असं बघितलं, जणू प्रश्नच कळला नव्हता.

"ढावलो? कुणाला सासरी धाडायचं होतं? त्या दाढीवाल्याला?" मग, समजावत, बाजारातल्या मराठीत, शब्द नीट मांडून: "पोरगी निघाल्याबिगर म्हणत न्हाईत ते. तोंडातून काढलं की जावं लागतं कुणाला तरी. त्यायला काय ठाऊक. लई हात जोडून राहिले, म्हणून म्हणलं, पाव्हणे हायेत, रिकामं कसं पाठवावं."

निलमने ताट पुढे सरकवलं. हसायला हवं होतं, तिलाही कळत होतं. मालिकेने ज्यांची भूक काढून घेतली होती त्यांनी मालिकेच्या गाभाऱ्यातच सहावी पोळी लपवली होती, आणि सगळा देश हात जोडून त्या पोळीपुढे रडत होता – याहून चांगलं परीक्षण ती जन्मात लिहू शकली नसती. पण हसू येण्याऐवजी आणखी राग आला, वेगळा, खालून येणारा. कारण सगळ्या तांड्याला हे वर्षभर ठाऊक होतं. शकुंतलाबाईला, रीताला, रणजीतला, पाणी भरायला येणाऱ्या पोरींना. सगळे आपापल्या फोनवर तो भाग लावून हसले असणार. माणसांची वाटणी करायची तिला खोडच होती, हे इकडचे, ते तिकडचे, हा आव आणणारा, ती खरी. आणि आता त्याच वाटणीत एका बाजूला सगळा तांडा होता, आणि दुसऱ्या बाजूला दाढीवाला, प्रियदर्शनी, दिल्लीतले रडणारे… आणि निलम. तीही रडली होती. पहाटे, टाकीखाली, बोंडं कानात घट्ट बसवून, कुत्रं मागे लागलेल्या व्याहिणीसाठी.

त्यांनी आमचं रडणं नेलं. कुणाचं आमचं?

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. आवाज चढला होता. "दिवाळीपासून इथे आहे मी. एकाला वाटलं नाही सांगावं?"

"आता तुमी परीक्षण करता," रीता म्हणाली, टोमणा नव्हता त्यात, तेच वाईट होतं, "तुमाला काय सांगायचं आमी."

फोन थरथरला. प्रियदर्शनी: 'कुठपर्यंत आलंय?' निलमने तो उलटा ठेवला. लिहिता आलं असतं. व्याहीण, पोळी, कुत्रं, सगळं, आणि वर फोटो. प्रियदर्शनी टाळ्या वाजवत उठली असती. आणि मग दुसऱ्या दिवशी लिंबाखाली दुसरे माईक, आणि याडीला कुणीतरी विचारलं असतं, माताजी, आपने झूठ क्यों बोला. याडी म्हणाली असती, पाव्हणे होते. ते कुठल्या थंड खोलीत कुणाला कळलं असतं?

ती उठून अंगणात गेली. हळद पायाखाली अजून कोमट होती. याडी पुन्हा कामाला लागली होती, ओळीने, एकही कांडी पायाखाली न येऊ देता. निलम तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, म्हणजे दाताळं थांबेल.

"माझ्या वेळेला काहून म्हटलं नाहीस?"

एवढी वर्षं हा प्रश्न तिने फार मोठा करून ठेवला होता. त्याला उत्तरंही मोठी तयार होती – तू मराठी झालीस म्हणून, तुला शब्द येत नव्हते म्हणून, तुझ्यावर राग होता म्हणून. याडीने दाताळ्यात अडकलेली मुळी ओढून काढली.

"बँड लई मोठा होता."

"तेवढंच?"

"तेवढंच. ऐकू कुणाला येणार होतं?"

"सगळ्या बायका थांबल्या होत्या याडी. सगळ्या तुझ्याकडे बघत होत्या."

"मग? बँड तर वाजूनच राहिला होता."

खोटं बोलत होती. निलमला माणसाचं खोटं कळतं, तेच तिचं काम; पण या खोट्याच्या मागे काय आहे ते मात्र दिसेना, आणि ते दिसू न देता याडी इतकी आरामात उभी होती की निलमच्या हातापायांत नुसता जाळ झाला. माईकवाल्यांना फसवलंस ते ठीक, मला नाही फसवायचं तू. मी पाव्हणी नाही.

"आता बँड नाही," ती म्हणाली. "आता म्हण. इथे. मला ऐकायचंय."

याडीने दाताळं जमिनीवर टेकवलं. डोळे किलकिले करून तिच्याकडे बघितलं, उन्हामुळे असेल.

"निघालीस का?"

चार वाजताची गाडी पकडणाऱ्याला विचारतात तसं, डबा बांधून देऊ का, अशा आवाजात. नांदेडला परत निघालीस का, हा प्रश्न दिवाळीपासून सगळ्यांनी विचारून झाला होता; रणजीतने आडून, निलमच्या सासूबाईंनी फोनवर रडून, दिपकने एकदाच, ठरवून थंडपणे; आणि प्रत्येकासाठी तिच्याजवळ घासूनपुसून ठेवलेलं एकेक वाक्य होतं. याडीने एकदाही विचारलं नव्हतं. तिने नुसतं ताट वाढलं होतं, आणि निलमला वाटत आलं होतं की हिला काही पडलेलीच नाही, जाण्याचीही नाही, राहण्याचीही नाही. आता तिने विचारलं, आणि निलमच्या सगळ्या वाक्यांतलं एकही इथे बसेना.

हो म्हणायचं होतं, नुसतं ऐकण्यापुरतं हो. पण ही बाई खोटं हो चालवून घेणार नाही. आणि खरं हो असेल तर ती इथेच, हळदीत उभी राहून, सुरू करील, हेही मला त्या क्षणी दिसलं – याडीच्या गळ्याशी ते आलेलं होतं, तयार, माझ्या लग्नापासून तसंच धरून ठेवलेलं – आणि मी घाबरून एक पाऊल मागे सरकले. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते मला दिलं नाही. मला ते हवं होतं, अजूनही हवंय, पण इथे बसून, कुठे न जाता. आणि तसं ते कुणालाच मिळत नाही, कितीही हात जोडले तरी.

"बोल की," याडी म्हणाली.

ओसरीत फोन पुन्हा थरथरला, रीताने हाक मारली, भाकरीचं काहीतरी म्हणाली. याडी दांड्यावर हात ठेवून वाट बघत राहिली, तिला कसलीच घाई नव्हती. आणि मी तिच्यासमोर, कोमट हळदीच्या कडेला, खाली बसले, इतकी रागावलेली की मला तिथून उठावंसंच वाटत नव्हतं.